बिननंबरी घरं

आमच्या टापूत घरांना नंबर नाहीत.
समुद्राकडून वर येणारा एकच रस्ता, चौतीस घरं,
त्यातली अकरा एकाच आडनावाची.
म्हणून तर मी टपालवाला होऊ शकलो.

नावं मी वाचत नाही, पाकीट बघतो.
तिरकी जांभळी शाई, म्हणजे बॉस्टनची बहीण, ब्रीजम्हातारीला.
पत्ता कोपऱ्यात कोंबलेला, म्हणजे कोनल, आईला, तुरुंगातून.
दोन पत्रं दोन नोरांमध्ये उलटसुलट गेली होती एकदा,
त्यातून एक लग्न जमलं,
म्हणजे जमलं असतं, पण त्या वर्षी बोट...
काय सांगत होतो मी?

हां. पाकिटं.

शाळेत पान म्हणजे ओहोटीची वाळू,
पाऊल उचललं की ठशात पाणी.
आधीचा शब्द भरून गेलेला, पुढचा अजून उमटलेला नाही.
त्यात आमची आयरिश,
अर्धी अक्षरं लिहिताना ताठ उभी, बोलताना मुकी.
मास्तर म्हणायचे, मुलकेरिनच्या पोराच्या बुडाखाली मुंग्या आहेत.
होत्याच. अजून आहेत.
तीन किटल्या जाळल्यात मी.
एका फाटकापाशी गोगलगाय बघत बसलो
आणि मागे व्हॅनची बॅटरी संपली.

मग ऑक्टोबरात ते पत्र आलं.
पांढरं, जाड, वर शाळेचा शिक्का.
माझं नाव तेवढं मला ओळखू येतं,
हातावरचा तीळ ओळखावा तसं.
बाकी सगळ्यांचं वाटून झालं.
ते राहिलं पिशवीच्या तळाशी.
दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशीही.
बावीस वर्षांत मी पत्र अडवलेलं नव्हतं कुणाचं.

असम्प्टाची रात्रपाळी होती.
शेवटी सोरखालाच दिलं, व्हॅनमध्ये, बंदरावर.
नऊ वर्षांची माझी पोर.
तिनं दप्तरातून एक पुठ्ठा काढला,
मधोमध चीर कापलेली, एक ओळ मावेल एवढी.
"बाकीच्यांना बाहेर थांबायला सांगायचं, बाबा," म्हणाली,
आणि वाचू लागली.

चाळीस मिनिटं लागली दीड पानाला.
मधे ती दोनदा खाली उतरून बंधाऱ्यावर धावून आली.
मी काही बोललो नाही, मलाही धावायचं होतं.
लिहिलं होतं: हुशार आहे. बोलते छान.
सुरू केलेलं काम दुसऱ्या कामात हरवतं.
शब्द रोज नव्याने भेटतात तिला.
एका लांबलचक शब्दापाशी ती अडली,
मी वाकून बघितलं, तिथेच मीही अडलो.
एकाच दगडाला दोघांची ठेच.
"हे माझ्याबद्दल आहे ना?" तिनं विचारलं.
मी म्हटलं, पहिलं पान तुझं असेल.
दुसऱ्यावर मी आहे.

राग आला का? आला.
तिच्यावर नाही, त्या शिक्क्यावरही नाही.
मास्तर तर वारलेच कधीचे.
जायला जागा नाही असा राग होता तो,
पाकिटावर पत्ताच नसावा तसा.

आता शनिवारी आम्ही दोघं शिकवणीला जातो.
ती माझ्या पुढे आहे आणि ते तिला फार आवडतं.
परवा पोस्टात एक पार्सल आलं,
मढीपलीकडे नवं पोलिश कुटुंब राहायला आलंय, त्यांचं.
नावात एवढी व्यंजनं एकमेकांच्या खांद्यावर चढलेली
की काउंटरवरचे चौघेही थबकले,
पोस्टमास्तरीणबाई चष्मा पुसू लागल्या.
मी म्हटलं, द्या इकडे.
मला अडखळायची सवय आहे.

दारात उभं राहून खिशातला पुठ्ठा काढला,
एकेक अक्षर चिरेतून आत घेतलं.
बाई हसली. "नाही," म्हणाली, आणि नीट म्हणून दाखवलं.
मी पुन्हा म्हटलं. पुन्हा नाही.
तिसऱ्यांदा तिनं मान हलवली.
मग तिच्या कुत्र्याचं नाव विचारलं, खिडकीचा रंग विचारला,
चहा घेतला, दुसरा घेतला.

व्हॅन बाहेर चालूच होती.